लेबल नसलेला दगड

भूशास्त्र शिकवण्यात माझी अठ्ठावीस वर्षं गेली. निवृत्तीनंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात एका जुन्या सहकाऱ्याचा फोन आला. "मॅडम, आपल्या विभागाची खोली रिकामी करताहेत. काही हवं असेल तर आजच या." मी रिक्षा करून गेले. व्हरांड्यात लाकडी कपाटं उघडी होती आणि खणांतले दगड गोण्यांत भरले जात होते. चाळीस वर्षांत विद्यार्थ्यांनी अभ्याससहलींतून आणलेले नमुने होते ते. प्रत्येकावर पांढऱ्या रंगाचा ठिपका, ठिपक्यावर काळ्या शाईनं क्रमांक. त्या क्रमांकांची वही आदल्या आठवड्यातच रद्दीत गेली होती. गोण्या भरणाऱ्या मुलाला मी म्हटलं, "बाळा, हे टाकू नका रे." तो थांबला, हातातला दगड उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, "काकू, दगडच आहेत ना हे?"

त्याचं बरोबर होतं. वही गेली तेव्हाच ते नुसते दगड झाले होते. कुठून आणला, किती उंचीवरून, कोणत्या थरातून, कुणी, कधी, एवढं सोबत असलं की मुठीएवढा तुकडा पुरावा ठरतो. ते नसेल तर त्याला खडीचा भाव.

त्या संध्याकाळपासून एक विचार डोक्यातून जात नाही. पुणं रोज जमिनीत भोकं पाडतं आहे. बोअर, इमारतींचे पाये, मेट्रो, भुयारी रस्ते. प्रत्येक भोकातून दगड वर येतो, कुणीतरी तो पाहतो, बहुतेकदा कुठेतरी लिहूनही ठेवतो. ती नोंद शहराच्या मालकीची आहे असं आपण मानलं पाहिजे आणि ती एका ठिकाणी, मराठीत, कुणालाही पाहता येईल अशी ठेवली पाहिजे. शहरातल्या वेताळ टेकडीवरून रस्ता न्यायचा की नाही, तिच्या पोटातून बोगदा काढायचा की नाही, हे वाद त्यानंतर सुरू व्हावेत.

हे सांगण्यासाठी मला अंटार्क्टिकावर जाऊन यावं लागणार आहे, कारण नोंदीचं मोल मला तिथल्या एका भूवैज्ञानिकाकडून समजलं.

दरवर्षी पहिल्या तासाला मी मुलांना डग्लस मॉसनची गोष्ट सांगायचे. १८८२ साली यॉर्कशरमध्ये जन्मलेला, दोन वर्षांचा असताना आईवडिलांबरोबर ऑस्ट्रेलियात गेलेला, सिडनीत शिकलेला आणि १९०५ पासून अ‍ॅडलेड विद्यापीठात शिकवणारा हा माणूस. शॅकलटनच्या अंटार्क्टिका मोहिमेत तो गेला, १९०८ च्या मार्चमध्ये माउंट एरेबस या धगधगत्या ज्वालामुखीवर पहिल्यांदा चढलेल्या तुकडीत होता, आणि १९०९ च्या जानेवारीत आपले गुरू एजवर्थ डेव्हिड आणि डॉक्टर मॅके यांच्यासह दक्षिण चुंबकीय ध्रुवाच्या प्रदेशात पोचला. कुत्री नाहीत, घोडे नाहीत. घसरगाड्या स्वतः ओढत.

पण मुलांचे डोळे मोठे व्हायचे ते पुढच्या भागाला. १९१२ चा नोव्हेंबर. मॉसन आता स्वतःच्या मोहिमेचा प्रमुख. केप डेनिसनच्या तळावरून तो दोन सोबती घेऊन पूर्वेकडे निघाला. निनिस हा इंग्रज लष्करी अधिकारी आणि मर्ट्झ हा स्विस, स्कीइंगमध्ये पटाईत. १४ डिसेंबरला तळापासून सुमारे ५०० किलोमीटरवर निनिस बर्फातल्या भेगेत कोसळला. त्याच्याबरोबर सगळ्यात दणकट कुत्री, तंबू आणि जवळजवळ सगळं अन्न गेलं. उरलेल्या दोघांकडे जेमतेम दहा दिवसांचा शिधा होता, कुत्र्यांसाठी तर काहीच नव्हतं. एकेक कुत्रं मारून खात ते परत फिरले. ८ जानेवारीला मर्ट्झ गेला. कुत्र्यांच्या यकृतातलं अ जीवनसत्त्व त्याच्या अंगात विषासारखं साचलं असावं असं संशोधकांनी पुढे मांडलं. त्यावर एकमत नाही. मॉसननं त्याला झोपण्याच्या पिशवीतच बर्फाखाली पुरलं, खिशातल्या चाकूवजा हत्यारानं घसरगाडी अर्धी कापली आणि एकटा निघाला. तळपायांची कातडी सुटून आली होती. ती त्यानं पुन्हा पायांना बांधली आणि वर मोजे चढवले. एकदा तोही भेगेत पडला, दोरीला लटकला, वरपर्यंत आला आणि पुन्हा खाली गेला, तरी दुसऱ्यांदा चढून बाहेर आला. ८ फेब्रुवारी १९१३ ला तळ दिसला तेव्हा त्याला न्यायला आलेलं 'अरोरा' जहाज क्षितिजावरचा ठिपका झालं होतं, काही तासांपूर्वीच निघालेलं. त्याच्यासाठी मागे थांबलेल्या सहा जणांबरोबर त्यानं तिथे आणखी एक अख्खा हिवाळा काढला.

इथे घंटा व्हायची आणि मी वर्ग सोडायचे. अठ्ठावीस वर्षं मी ती गोष्ट चुकीच्या जागी संपवली, हे कबूल करायला हवं. मुलं पायांची कातडी लक्षात ठेवून घरी जायची. मॉसन तिकडे नक्की कशासाठी गेला होता, हे मी बोलले नाही.

१९१० साली ब्रिटिश मोहीमप्रमुख रॉबर्ट स्कॉटनं त्याला दक्षिण ध्रुवावर बरोबर येण्याचं आमंत्रण दिलं होतं. मॉसननं ते नाकारलं. ध्रुवावर जाऊन यायचं आणि पहिला की दुसरा हे ठरवायचं, यापेक्षा ऑस्ट्रेलियासमोरचा तो हजारो किलोमीटरचा अनोळखी किनारा, तिथला खडक, हवा, चुंबकत्व आणि जीव यांची पाहणी करण्यात त्याला रस होता. म्हणून त्यानं १९११ ते १९१४ ची वेगळी मोहीम उभी केली. तीन तळ टाकले, त्यांतला एक मॅक्वारी बेटावर, बिनतारी संदेश पुढे पाठवायला. अंटार्क्टिकाचा बाहेरच्या जगाशी बिनतारी संपर्क पहिल्यांदा जुळला तो याच मोहिमेत. मुख्य तळाची जागा दुर्दैवानं भयंकर वाऱ्याची निघाली, वर्षाची सरासरीच ताशी ८० किलोमीटरच्या घरात. बुटांना खिळे ठोकून, वाऱ्यावर रेलून चालत ही तरुण मंडळी उपकरणांपर्यंत जायची आणि आकडे लिहून आणायची. अंटार्क्टिकावर सापडलेली पहिली उल्का १९१२ साली याच मोहिमेच्या दुसऱ्या एका तुकडीला मिळाली. आजूबाजूच्या दगडांपेक्षा हा काळा दगड वेगळा आहे, एवढं त्यांनी ओळखलं आणि तो घेऊन आले.

आणि मग परतल्यावर? इथे खरी गोष्ट आहे. मॉसनला 'सर' किताब मिळाला, व्याख्यानांना गर्दी झाली. त्या कौतिकावर त्याला जन्म काढता आला असता. त्याऐवजी तो अ‍ॅडलेडला शिकवायला परतला, १९२१ साली प्राध्यापक झाला, १९५२ पर्यंत शिकवत राहिला, विद्यार्थ्यांना फ्लिंडर्सच्या डोंगररांगांत पायी हिंडवत कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या हिमयुगाच्या खुणा दाखवत राहिला. आणि मोहिमेचे वैज्ञानिक अहवाल छापून काढत राहिला. पैसे नसायचे. मध्ये दोन महायुद्धं आली. न्यू साउथ वेल्सच्या सरकारनं छपाईचा भार उचलला आणि बदल्यात मोहिमेचे नमुने घेतले. असे २२ खंड झाले. शेवटचे १९४७ साली निघाले, म्हणजे मोहीम परतल्यावर ३३ वर्षांनी. एकट्यानं बर्फ तुडवला त्याचे तीस दिवस. त्या प्रदेशाचे आकडे आणि वर्णनं जगापुढे ठेवायला त्याला तेहतीस वर्षं लागली. मला आज दुसरं जास्त अवघड वाटतं.

मॉसनला देव्हाऱ्यात बसवायचा माझा इरादा नाही. तो साम्राज्याचा माणूस होता. १९२९ ते १९३१ च्या त्याच्या दुसऱ्या मोहिमेनं अंटार्क्टिकाच्या किनाऱ्यावर ब्रिटिश झेंडे रोवले, आणि आजही ऑस्ट्रेलिया त्या खंडाच्या ४२ टक्के भागावर हक्क सांगतो त्याचं मूळ तिथे आहे. व्हेलची शिकार आणि खनिजं यांचा हिशेबही त्याच्या डोक्यात होता. त्याच माणसानं मॅक्वारी बेटावर पेंग्विनांचं तेल काढण्याच्या धंद्याविरुद्ध आवाज उठवला आणि १९३३ साली ते बेट अभयारण्य झालं. अंटार्क्टिकावरच्या खाणकामावर तर १९९१ च्या माद्रिद करारानं बंदी आली. झेंड्यांचं महत्त्व हळूहळू ओसरलं. आकड्यांचं ओसरलं नाही, कारण ते छापलेले होते आणि कोणत्याही देशाच्या अभ्यासकाला उघडे होते.

दगडाबरोबर चिठ्ठी असली की तो किती लांब जातो पाहा. स्कॉटची तुकडी ध्रुवावरून परतताना मरण पावली, तेव्हा त्यांच्या गाडीवर सुमारे १६ किलो दगड होते. भुकेनं आणि थंडीनं खंगलेल्या माणसांनी ते शेवटपर्यंत टाकले नाहीत. त्यांत ग्लॉसोप्टेरिस या नामशेष झाडाच्या पानांचे ठसे निघाले. तीच पानं आपल्या विदर्भात वर्धा खोऱ्याच्या कोळशाच्या पट्ट्यात, कामठीच्या वालुकाश्मात सापडतात. दक्षिणेकडचे खंड एकेकाळी जोडलेले होते या विचाराला त्या ठशांनी बळ दिलं, आणि त्या जोडखंडाला नाव मिळालं ते आपल्या गोंडांच्या मुलखावरून. तो दगड कुठल्या हिमनदीच्या काठी उचलला हे लिहिलेलं नसतं, तर चंद्रपूरचा आणि अंटार्क्टिकाचा धागा त्या पुराव्यानं जुळला नसता.

आपल्याकडच्याही दोन नावांचा उल्लेख इथे केलाच पाहिजे. १९८३ साली भारताच्या तिसऱ्या मोहिमेतून पहिल्यांदा दोन भारतीय स्त्रिया अंटार्क्टिकावर गेल्या. एक कोलकात्याच्या भूवैज्ञानिक सुदीप्ता सेनगुप्ता, दुसऱ्या समुद्रविज्ञानाच्या अभ्यासक आदिती पंत, नागपूरच्या, आणि पदवी पुणे विद्यापीठाची. सेनगुप्ता यांनी शिर्माखर टेकड्यांच्या खडकाचा अभ्यास केला. हजारो किलोमीटर जाऊन एका टेकडीचा दगड वाचणारी माणसं या देशात आहेत. आणि वेताळ टेकडीचा दगड?

तो दगड आधी समजून घेऊ. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी दख्खनवर लाव्हा वाहिला, थंडावला, पुन्हा वाहिला. असे थरावर थर. प्रत्येक थराचा खालचा भाग घट्ट, काळा, छिन्नीला दाद न देणारा. वरच्या भागात वायूचे बुडबुडे अडकून पोकळ्या राहिल्या. काही ठिकाणी दोन थरांच्या मध्ये भाजलेल्या मातीसारखी लाल पट्टी दिसते. पोकळ्यांमध्ये पुढे पाण्यानं खनिजं भरली. वाघोलीच्या खाणींतला निळाशार कॅव्हन्साइट त्यातलाच. जगभरचे संग्राहक त्यासाठी जीव टाकतात. आठव्या शतकात याच काळ्या पाषाणात पाताळेश्वराचं लेणं कोरलं गेलं. जंगली महाराज रस्त्यावरून जाता-येता आपण ते पाहतो, पण तो दगड म्हणून पाहत नाही.

पाण्याच्या दृष्टीनं या थरांचं वागणं फार वेगवेगळं आहे. घट्ट पाषाणातून पाणी जात नाही, फक्त भेगांतून जातं. पोकळ्यांच्या आणि झिजलेल्या भागात ते साठतं. टेकडीच्या माथ्यावर पडलेला पाऊस मुरमातून आत शिरतो, एखाद्या घट्ट थरावर अडतो, त्याच्या अंगानं आडवा सरकतो आणि उतारावर जिथे ती सांध उघडी पडते तिथे झऱ्यासारखा पाझरतो. पायथ्याच्या जुन्या विहिरी अशाच पाण्यावर जगल्या. म्हणून टेकडीचा उतार कुठे कापला याला महत्त्व आहे. दहा मीटर वर कापला तर काही बिघडणार नाही, दहा मीटर खाली कापला तर सगळा पाझर गटारात जाईल, असं होऊ शकतं. १:५ पेक्षा तीव्र उतारावर बांधकाम नको, हा नियम आपल्याकडे आहे आणि तो चांगला आहे. पण तो नियम फक्त उतार मोजतो. आत काय आहे ते त्याला दिसत नाही.

आमच्या सोसायटीची हकिकत सांगते. चार वर्षांपूर्वी उन्हाळ्यात टँकरचा खर्च झेपेना, म्हणून सभेत बोअर घ्यायचं ठरलं. मी म्हटलं, आधी आसपासच्या बोअरची माहिती काढू. कुणाकडेच नव्हती. पाणाड्या आला, नारळ हातात घेऊन फिरला, जागा दाखवून गेला. ३०० फुटांवर कोरडा. दुसरा ४२० फूट, तोही कोरडा. वर आली ती नुसती काळी भुकटी. तिसऱ्याला ११८ फुटांवर थोडं पाणी लागलं. दोन कोरड्या बोअरचे लाखावर रुपये गेले. आणि दिवाळीत शेजारच्या सोसायटीतले एक गृहस्थ भेटले, ते सहज बोलून गेले, "अहो, त्या कोपऱ्यात आम्हीपण सहा वर्षांपूर्वी मारला होता की. खाली नुसता कातळ आहे." आमच्या भिंतीपासून चाळीस पावलांवर! ती एक ओळ कुठे वाचायला मिळाली असती तर? बोअरवाल्याला दोष देत नाही. त्यानं किती फुटांवर काय लागलं हे बिलाच्या मागे लिहिलं होतं. लिहिलेलं पुढे पाठवायची जागाच नाही.

कायदा अगदीच नाही असं नाही. महाराष्ट्राच्या २००९ च्या भूजल कायद्यात विहिरींच्या आणि खोदयंत्रांच्या नोंदणीची तरतूद आहे. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेचं मुख्यालय पुण्यातच आहे. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे १:५०,००० प्रमाणाचे नकाशे संकेतस्थळावर पाहता येतात. पण त्या प्रमाणात दोन किलोमीटर लांबीची टेकडी कागदावर चार सेंटिमीटर होते. शहराचे निर्णय चार सेंटिमीटरवर घेता येत नाहीत. खनिजांच्या शोधाची देशभरातली माहिती एकत्र ठेवणारं संकेतस्थळ २०२३ च्या डिसेंबरात सुरू झालं. खाणमालकाला उपयोगी पडेल असा साठा सरकार बांधू शकतं, हे त्यातून दिसलं. शहरात राहणाऱ्याला उपयोगी पडेल असा का नको?

मेट्रोचं उदाहरण घ्या. सिव्हिल कोर्ट ते स्वारगेट हा भुयारी टप्पा २०२४ च्या सप्टेंबरअखेर सुरू झाला. मुठेच्या पात्राखालून, कसब्याच्या, मंडईच्या पोटातून यंत्रं गेली. मार्ग ठरवण्याआधी ठिकठिकाणी बोअर घेऊन दगडाचे लांब गोल दंड वर काढले जातात. आम्ही त्यांना कोअर म्हणतो. लाकडी पेट्यांत ओळीनं मांडलेले, खोलीचे आकडे टाकलेले. पेठांच्या खालचा लाव्हा असा पहिल्यांदाच उजेडात आला असेल. आता स्वारगेट ते कात्रज भुयारी मार्ग मंजूर आहे, म्हणजे आणखी कोअर निघतील. पुण्यात भूशास्त्र शिकणाऱ्या मुलांनी त्या पेट्या हाताळायला हव्यात. त्या कुठे आहेत, किती दिवस ठेवायच्या, कुणाला दाखवायच्या, हे ठरवणारा शहराचा एक तरी नियम हवा.

मॉसनच्या अ‍ॅडलेडमध्ये तसा आहे. शहराच्या टॉन्स्ले भागात २०१६ पासून राज्याचं कोअरचं ग्रंथालय उभं आहे, शंभराहून जास्त वर्षांत जमिनीतून काढलेले दंड तिथे रचून ठेवलेत, आणि अभ्यासक तिथे जाऊन ते टेबलावर मांडून पाहू शकतात. नेदरलँड्सनं तर २०१८ पासून कायदाच लागू केला: सरकारी संस्थांनी जमिनीखालची माहिती एका सामाईक नोंदणीत द्यायची आणि निर्णय घेताना तीच वापरायची. समुद्राशी झुंजणाऱ्या त्या देशाला पायाखालची माती ओळखल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. आपल्याला आहे असं आपण कशावरून धरून चाललो आहोत? ३० जुलै २०१४ च्या सकाळी आपल्याच जिल्ह्यातलं माळीण गाव डोंगराखाली गेलं, दीडशेहून जास्त माणसं गेली. त्यानंतर धोक्याच्या गावांच्या याद्या झाल्या. यादी माणसं गेल्यावर होते, हे मला सहन होत नाही.

यावर येणारे आक्षेप मी ऐकले आहेत. एक स्थापत्य अभियंता मित्र म्हणतो, प्रत्येक मोठ्या प्रकल्पाचा भूतांत्रिक अहवाल होतोच. खरं आहे. पण तो त्या प्रकल्पापुरता होतो आणि त्याच्याच फायलीत राहतो. रस्त्याच्या अलीकडचा अहवाल पलीकडच्याला भेटत नाही. दहा वर्षांनी तिसरा माणूस मधल्या प्लॉटवर येतो, तेव्हा पुन्हा शून्यापासून बोअर. दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो: आमच्या प्लॉटखाली पाणी नाही हे उघड झालं तर भाव पडेल. पडू दे. आयुष्यभराची पुंजी घालून घर घेणाऱ्याला ते आधी कळायला हवं, विकणाऱ्याच्या सोयीसाठी ते लपवता येणार नाही.

तिसरा आक्षेप माझ्याच माणसांकडून येतो आणि तो मला सर्वांत जास्त विचार करायला लावतो. वेताळ टेकडीवरून न्यायच्या बालभारती ते पौड फाटा रस्त्याला विरोध करणाऱ्यांबरोबर मी चालले आहे, टेकडीवर फलक धरून उभी राहिले आहे. तिथली एक तरुण मैत्रीण म्हणाली, "ताई, तुम्ही नकाशा मागताय, पण उद्या नकाशातच निघालं की इथून बोगदा काढला तर काही होत नाही, तर? टेकडी हवी आहे एवढं कारण पुरेसं नाही का?" माझ्यापुरतं ते पुरेसं आहे. पहाटे हनुमान टेकडीवर श्वास घ्यायला जाणाऱ्या कुणाही पुणेकराला ते पुरेसं आहे. पण ज्याला रोज दीड तास वाहतुकीत अडकावं लागतं त्याला मी माझा श्वास पुरावा म्हणून दाखवू शकत नाही. दगड दाखवू शकते. आणि एखादा बोगदा खरोखर निरुपद्रवी आहे असं नोंद सांगत असेल, तर मी ते मान्य करीन. वाईट वाटेल, तरी मान्य करीन. आपल्याला हवं तेच उत्तर येणार असेल तरच मोजायचं, ही विज्ञानाची रीत नाही. मात्र उलटही तितकंच खरं: मोजमाप लोकांपुढे न ठेवता "काही होत नाही" म्हणण्याचा अधिकार महापालिकेला नाही, सल्लागाराला नाही, मंत्र्यांनाही नाही.

खर्चाचं म्हणाल तर बोअर मारण्याचा खर्च आधीच झालेला असतो. उरतो तो लिहून घेण्याचा आणि सांभाळण्याचा. शहरात भूशास्त्राची मुलं आहेत, शिक्षक आहेत, निवृत्त अधिकारी आहेत. परवानगीच्या कागदाबरोबर एक पान भरून घ्यायचं: ठिकाण, उंची, किती फुटांवर काय लागलं, पाणी कुठे. नाही दिलं तर पुढची परवानगी नाही. सुरुवात एवढ्यावर होऊ शकते. कोअरच्या पेट्यांसाठी एखादं रिकामं गोदाम पुरेल. वॉर्डनिहाय मोठ्या प्रमाणाचा नकाशा मराठीत हवा, बोअरवाल्याला आणि सोसायटीच्या चेअरमनला समजेल अशा शब्दांत. मुरूम, कातळ, झरा हे शब्द आपल्याकडे पूर्वीपासून आहेत.

आणि नोंद सांभाळणं पुण्याला जमत नाही असं कुणी म्हणू नये. शिवाजीनगरला ज्या चौकाला आपण सिमला ऑफिस म्हणतो, ते नाव १९२८ साली हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून इथे आलं म्हणून पडलं. देशभरच्या हवामान नोंदींचं राष्ट्रीय केंद्र आजही पुण्यात आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या पावसाचा आकडा तिथे मिळतो. एक धागा मला नेहमी हलवून जातो: स्कॉटच्या शेवटच्या मोहिमेत हवेची मोजमापं घेणारे जॉर्ज सिम्पसन हे भारतीय हवामान खात्यातून गेलेले होते, आणि तिथून परत याच खात्यात आले. म्हणजे ध्रुवाजवळच्या वाऱ्याची वही लिहिणारा हात आणि आपल्या मान्सूनची वही लिहिणारा हात एकच होता. त्या वहीमुळे आज आपण पावसाबद्दल भांडू शकतो, दावे तपासू शकतो, चूक दाखवू शकतो. आभाळाची वही या शहरात आहे. जमिनीचीही हवी.

रद्दीत गेलेल्या त्या वहीचं मी काही करू शकले नाही. गोण्यांतून अकरा दगड घरी आणले. त्यांतल्या चारांची जागा मला आठवते, कारण त्या सहलींना मी होते. ती चार लेबलं पुन्हा लिहिली. उरलेले सात गॅलरीत आहेत.

आमच्या तिसऱ्या बोअरची नोंद मात्र पूर्ण आहे. बोअरवाल्याचं बिल आणि प्रत्येक दहा फुटांवर मी पिशव्यांत भरून ठेवलेला चुरा, दोन्ही पाहून ती लिहिली. सोसायटीच्या फलकावर लावली आहे आणि गल्लीतल्या पाच सोसायट्यांना प्रती दिल्या आहेत. त्यांतल्या दोघांनी आपापल्या जुन्या बोअरचे आकडे आणून दिले. शहराची नोंदवही उघडेल तेव्हा माझ्याकडून हे पहिलं पान:

बोअर क्र. ३. सोसायटीचा ईशान्य कोपरा. ० ते ५ फूट भराव आणि काळी माती. ५ ते २२ मुरूम. २२ ते ९६ घट्ट काळा पाषाण, ६१ फुटांवर बारीक भेग, ओल नाही. ९६ ते ९९ लाल थर. ९९ ते १२५ पोकळ्यांचा खडक, पोकळ्यांत पांढरं खनिज. ११८ फुटांवर पाणी. १२५ ते १६० पुन्हा घट्ट पाषाण. १६० ला थांबलो.